करार जिनिव्यात, जमीन उमरेडमध्ये: एकल शेतकरी महिलांच्या हक्कासाठी नेमके काय करता येईल?

नमस्कार ताई. नागपूर जिल्ह्यातील उमरेड आणि भिवापूर तालुक्यांतील विधवा, परित्यक्ता आणि अविवाहित शेतकरी महिलांबरोबर तुमची छोटी संस्था काम करते, त्यांच्यापैकी बहुतेकींच्या नावावर जमीन नाही, आणि एका कार्यशाळेत 'हा प्रश्न आंतरराष्ट्रीय करारांच्या पातळीवर मांडा' असे तुम्हाला सांगण्यात आले, असे तुम्ही लिहिले आहे. आपल्यासारख्यांनी अशा करारांत आपला मुद्दा घालायचा कसा, आणि तो घातला तरी तलाठी कार्यालयात त्याने काय फरक पडणार, असे तुम्ही विचारले आहे. मी नागपूर खंडपीठात वकिली करते. महिलांच्या मालमत्तेची प्रकरणे चालवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि संयुक्त राष्ट्रांच्या समित्यांकडे संघटना जे अहवाल पाठवतात त्यांच्या मसुद्यांवरही मी काम करत आले आहे. त्या अनुभवावरून सविस्तर लिहिते.

तुम्ही 'मुद्दा करारात घालायचा कसा' असे विचारले आहे. परंतु मुद्दा करारात नाही ही तुमची खरी अडचण नाही. तो तेथे फार पूर्वीपासून आहे. महिलांविरुद्धचे सर्व प्रकारचे भेदभाव नष्ट करण्याविषयीचा करार, ज्याला आपण सगळे 'सीडॉ' म्हणतो, तो १८ डिसेंबर १९७९ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वीकारला आणि भारताने १९९३ मध्ये त्याला अनुसमर्थन दिले. त्याचे चौदावे कलम केवळ ग्रामीण महिलांविषयी आहे. शेतीकर्ज, बाजारपेठ, तंत्रज्ञान आणि जमीनसुधारणांमध्ये समान वागणूक हे सर्व त्यात आलेले आहे. १९९५ च्या जागतिक महिला परिषदेत ठरलेल्या बीजिंग कृती आराखड्यातील परिच्छेद ६१ (ख) वारसाहक्क आणि जमिनीच्या मालकीच्या हक्कासह आर्थिक साधनांपर्यंत महिलांना पूर्ण आणि समान पोहोच मिळावी, यासाठी कायदे आणि प्रशासन दोन्हींत सुधारणा करण्यास सरकारांना सांगतो. सीडॉ समितीने, म्हणजे कराराच्या पालनावर देखरेख ठेवणाऱ्या, जिनिव्यात भरणाऱ्या तज्ज्ञांच्या समितीने, २०१६ मध्ये ग्रामीण महिलांविषयी दिलेली सर्वसाधारण शिफारस क्रमांक ३४ तर स्पष्टच सांगते की, महिलेची वैवाहिक स्थिती काहीही असली तरी जमीन, पाणी आणि नैसर्गिक साधनांवर तिचा पुरुषाइतकाच हक्क असला पाहिजे. 'वैवाहिक स्थिती काहीही असली तरी' हे शब्द तुमच्या एकल महिलांसाठीच लिहिलेले आहेत असे समजा. डिसेंबर २०१८ मध्ये आमसभेने शेतकऱ्यांच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्याच्या मागे अनेक देशांतील शेतकरी संघटनांचा दीर्घ पाठपुरावा होता, आणि त्यातही शेतकरी महिलांसाठी स्वतंत्र कलम आहे.

म्हणून माझे म्हणणे असे आहे: नवा शब्द मिळवण्याची धडपड इतरांवर सोपवता येईल, परंतु आधीच मान्य झालेल्या शब्दाला तुमच्या तालुक्यातील पुराव्याशी जोडण्याचे काम तुमच्याशिवाय दुसरे कोणी करू शकणार नाही. जिनिव्यात बसलेल्या तज्ज्ञाकडे सीडॉचे कलम असते, दिल्लीतील अभ्यासकाकडे देशाची आकडेवारी असते. मात्र भिवापूर तालुक्यातील एका बाईचा फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतील नावाचा बदल, का अडला, तो कोणत्या टप्प्यावर अडला आणि तिला काय उत्तर देण्यात आले, हे फक्त तुमच्या वहीत असते.

आता परिस्थितीनुसार काय बदलते ते सांगते, कारण 'एकल महिला' या एका शब्दाखाली तुम्ही ज्या महिलांना मोजता त्यांचे प्रश्न कायद्याच्या दृष्टीने एक नाहीत. हिंदू किंवा बौद्ध शेतकऱ्याची विधवा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार पहिल्या वर्गातील वारस आहे. मुलीला सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः वाटेकरी, म्हणून हक्क देणारी सुधारणा महाराष्ट्राने १९९४ मध्येच केली होती, आणि २००५ मध्ये ती देशभर लागू झाली. येथे हक्क आहे, अडले आहे ते त्याच्या नोंदीपाशी. पतीच्या मृत्यूनंतर वारसांनी तीन महिन्यांत कळवायचे, तलाठ्याने गाव नमुना ६क या वारसांच्या नोंदवहीत वारसनोंद घ्यायची, फेरफार धरायचा, मंडळ अधिकाऱ्याने तो प्रमाणित करायचा आणि मग सातबाऱ्यावर नाव यायचे, या साखळीत कोठेतरी दीर किंवा सासरा आडवा येतो, कागद अपुरा असल्याचे कारण दिले जाते, किंवा 'मुलगा मोठा झाल्यावर बघू' असे सांगून बाईला परत पाठवले जाते. महिला किसान अधिकार मंच, म्हणजे 'मकाम', याने २०१८ मध्ये मराठवाडा आणि विदर्भातील आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील ५०५ महिलांचा अभ्यास केला होता. त्यांपैकी ४० टक्के महिलांना पतीच्या शेतजमिनीवरील हक्क तोपर्यंत मिळालेला नव्हता. ही अंमलबजावणीतील कसूर आहे, आणि ती मांडताना सीडॉचे चौदावे कलम आणि बीजिंगमधील 'प्रशासकीय सुधारणा' हे शब्द वापरावे लागतात.

परित्यक्तेचे तसे नाही. पती हयात असताना त्याच्या जमिनीत पत्नी म्हणून तिचा मालकीहक्क आपल्याकडील कायदा मानतच नाही. तिला पोटगी मागता येते, घरात राहण्याचा हक्क मागता येतो, परंतु ज्या वावरात तिने वीस वर्षे निंदण-खुरपण केले त्यात तिचा वाटा नसतो. येथे दोष तलाठ्याकडे नाही, तो कायद्यातच आहे. अशा वेळी सीडॉच्या सोळाव्या कलमातील पतिपत्नींच्या मालमत्तेवरील समान हक्काचा भाग आणि विवाहाच्या आर्थिक परिणामांविषयी समितीने २०१३ मध्ये दिलेली सर्वसाधारण शिफारस क्रमांक २९ यांचा आधार घ्यावा लागतो. आदिवासी महिलांचा प्रश्न आणखी निराळा आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही आणि रूढीच्या नावाखाली मुलींना वाटा नाकारला जातो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात, रूढीने मनाई असल्याचे सिद्ध झाले नसताना महिलेच्या वारसांना वाटा नाकारणे हे समानतेच्या विरुद्ध आहे, असा निर्णय दिला. तुमच्याकडे गोंड किंवा माना महिला असतील तर तो निर्णय जरूर वाचा. वनजमिनीचे पट्टे असतील तर २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार विवाहितांच्या बाबतीत पट्टा पतिपत्नी दोघांच्या नावे असायला हवा, हेही तपासा. तात्पर्य, वही उघडताना आधी या महिलांची अशी विभागणी करा. ती न करता 'एकल महिलांना जमीन मिळत नाही' असे एक सरसकट वाक्य अहवालात गेले, तर सरकारच्या प्रतिनिधीला उत्तर देणे फार सोपे जाते. तो हिंदू उत्तराधिकार कायद्याचा हवाला देतो आणि विषय तेथेच संपतो.

नव्या शब्दांविषयी मी वर लिहिले त्याचा अर्थ, वाटाघाटींकडे पाठ फिरवावी असा घेऊ नका. कारण या दस्तऐवजांत जे एकदा मिळाले ते टिकतेच असे नाही, आणि तुमच्या विषयात ते फार ठळकपणे दिसते. बीजिंग परिषदेच्या आधी मसुद्यातील वादग्रस्त मजकूर चौकोनी कंसांत ठेवलेला होता आणि वारसाहक्काचा मजकूर त्यांपैकी एका चिवट वादाचा होता. मुलीला मुलाइतकाच वाटा मिळावा असे थेट लिहिण्यास काही देशांचा धर्माधारित कायद्यांमुळे विरोध होता. अखेर परिच्छेद २७४ (घ) मध्ये मुलीला वारस होण्याचा समान हक्क असावा, असा मजकूर आला आणि त्यासाठीच्या कायद्यांच्या उल्लेखाला 'योग्य असेल तेथे' ही जोड मिळाली. वारस होण्याचा हक्क समान असणे आणि वाटा समान असणे यांत किती अंतर आहे, हे ज्या वकिलाने एक तरी वाटणीचा दावा चालवला आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही. तरीही ६१ (ख) मध्ये जमिनीच्या मालकीविषयीचा मजकूर बराच भक्कम राहिला. पुढे २०१५ मध्ये शाश्वत विकास उद्दिष्टे ठरली. त्यांतील लक्ष्य ५.क वाचा: आर्थिक साधनांवर समान हक्क, तसेच जमिनीची मालकी आणि नियंत्रण यांची 'संधी', आणि हे सगळे 'राष्ट्रीय कायद्यांना अनुसरून'. म्हणजे जो कायदा बदलायचा आहे त्याच्याच मर्यादेत ते लक्ष्य बसवण्यात आले. वीस वर्षांत मजकूर पुढे जाण्याऐवजी एक पाऊल मागे आला.

यातून व्यवहारात काय करायचे, ते सांगते. तुमच्या निवेदनांत केवळ लक्ष्य ५.क चा हवाला देऊ नका, जरी सध्या सरकारी कार्यालयांत शाश्वत विकास उद्दिष्टांचीच भाषा अधिक चालत असली तरी. त्याच्या शेजारी ६१ (ख) आणि सीडॉचे कलम ठेवा, कारण सीडॉ हा बंधनकारक करार आहे, बीजिंग ही राजकीय बांधिलकी आहे आणि शाश्वत विकास उद्दिष्टे हा ऐच्छिक आढाव्याचा कार्यक्रम आहे. त्यांचे वजन सारखे नाही. मात्र ५.क चा एक मोठा उपयोग आहे. त्याला मोजमापाचे निदर्शक जोडलेले आहेत, आणि शेतजमिनीच्या मालकांमध्ये महिलांचे प्रमाण किती, हा त्यांपैकी एक आहे. आपल्याकडे २०१५-१६ च्या कृषिगणनेत महिलांकडे असलेल्या वहितीच्या खातेसंख्येचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. परंतु कृषिगणना जमीन कोण कसतो ते मोजते, मालकी कोणाची ते मोजत नाही. हा फरक निवेदनात स्पष्ट लिहा. मालकीचा आकडा जिल्ह्याने जाहीर करावा, ही मागणी कोणत्याही जिल्हाधिकाऱ्यापुढे ठेवता येते आणि ती नाकारण्यास सबळ कारण सापडत नाही.

आणखी एका गोष्टीकडे महाराष्ट्रातील संघटनांनी जेवढे लक्ष द्यायला हवे तेवढे दिले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. सीडॉला अनुसमर्थन देताना भारताने दोन निवेदने जोडली. पहिल्यानुसार, कोणत्याही समाजाच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय त्याच्या व्यक्तिगत बाबींत हस्तक्षेप न करण्याच्या धोरणाला धरूनच पाचवे आणि सोळावे ही कलमे पाळली जातील. दुसऱ्यानुसार, विवाहनोंदणी सक्तीची करण्याचे तत्त्व मान्य असले तरी एवढ्या विशाल आणि विविध देशात ते व्यवहार्य नाही. ही निवेदने मागे घ्यावीत असे सीडॉ समितीने २०१४ मध्ये भारताला आग्रहाने सांगितले. आता दुसऱ्या निवेदनाकडे नागपुरातून पाहा. विवाहनोंदणीचा कायदा महाराष्ट्राने १९९८ मध्येच केलेला आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सीमा विरुद्ध अश्वनीकुमार या प्रकरणात सर्व राज्यांना विवाहनोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले. जे राज्यात कायद्याने लागू आहे ते देशात अव्यवहार्य आहे, असे निवेदन जिनिव्यात अजून कायम ठेवण्यास काय आधार उरतो? हा युक्तिवाद महाराष्ट्रातील संघटनाच सर्वांत ताकदीने करू शकतात. तुमच्या कामाशीही त्याचा थेट संबंध आहे, कारण विवाहाचा पुरावा नसल्यामुळे वारसनोंद अडलेल्या महिला तुमच्याकडे नक्कीच असतील. दुसऱ्या लग्नाच्या बायकांचा प्रश्न तर त्याहून कठीण आहे. तो येथे उघडत नाही.

आता तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येते: तलाठी कार्यालयात फरक काय पडणार? थेट पडणार नाही. तलाठ्यासमोर सीडॉचे कलम ठेवून फेरफार होणार नाही. त्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिताच लागेल. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय करार आपोआप कायदा होत नाही. संसदेने अनुच्छेद २५३ खाली कायदा करावा लागतो किंवा न्यायालयाने कराराचा आधार घेऊन मूलभूत हक्काचा अर्थ लावावा लागतो. पण विदर्भातील माणसाला 'कागदावरचा करार' म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. विदर्भाने मराठी भाषकांच्या एका राज्यात सामील होण्याविषयीचा २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार हा पुढाऱ्यांनी सह्या केलेला कागदच होता. त्यातील शब्दाला धरून राहिल्यामुळे आज हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते, आणि निधी व नोकऱ्यांतील वाट्याविषयीचे शब्द पाळले गेले नाहीत म्हणून त्याच कागदावर बोट ठेवून इथली माणसे अजून जाब विचारतात. लेखी कबुली असली की मागणाऱ्याला आपली मागणी पहिल्यापासून सिद्ध करत बसावे लागत नाही. सीडॉचेही तसेच आहे.

न्यायालयांचा अनुभव संमिश्र आहे आणि तो तसाच सांगायला हवा. राजस्थानातील ग्रामसेविका भंवरीदेवी यांच्यावरील सामूहिक बलात्काराच्या प्रकरणानंतर दाखल झालेल्या विशाखा याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयी देशात कायदा नसताना, सीडॉ आणि समितीच्या शिफारशींच्या आधारे मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. २०१३ चा कायदा त्यातून आला आणि त्याच्या प्रस्तावनेत सीडॉचा उल्लेख आहे. आज नागपुरातील घरकामगार महिला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करू शकते, त्यामागे त्या कराराचे एक कलम आहे. उलट १९९६ च्या मधु किश्वर विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात आदिवासी महिलांच्या जमिनीचा प्रश्न होता आणि सीडॉचा विस्तृत आधार घेणारे मत अल्पमतात राहिले. बहुमताने भेदभाव करणारी तरतूद रद्द केली नाही, केवळ आश्रित महिलांच्या उपजीविकेला संरक्षण दिले. कायद्यात पोकळी असेल तेथे करार लवकर उपयोगी पडतो. उभा असलेला कायदा किंवा रूढी समोर असेल तर न्यायालय कचरते. तुमच्या परित्यक्ता महिलांच्या प्रश्नावर लगेच याचिका करावी का, असा विचार मनात आला तर हा फरक लक्षात घ्या. आणि आपल्याच भागातील मथुरा या आदिवासी मुलीचा खटलाही आठवा. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात घडलेल्या त्या अत्याचारात नागपूर खंडपीठाने आरोपींना दोषी ठरवले, सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले, आणि १९७९ मध्ये चार कायदा-प्राध्यापकांनी लिहिलेल्या खुल्या पत्रानंतर देशभर उठलेल्या आंदोलनामुळे १९८३ मध्ये कायदा बदलला. भारत तेव्हा सीडॉचा अनुसमर्थक देशही नव्हता. करार हे साधन आहे. ज्यांनी ते हाती घ्यायचे त्यांची चळवळ नसेल तर ते पडून राहते.

येथवरचे थोडक्यात सांगायचे तर, शब्द आहेत, ते कोठे मजबूत आणि कोठे कच्चे आहेत हे ओळखायचे आहे, भारताची निवेदने हा महाराष्ट्रातून धरता येईल असा धागा आहे, आणि कराराचा परिणाम दिल्ली-मुंबईच्या मार्गाने फिरून तालुक्यात पोहोचतो. आता प्रत्यक्ष कामाकडे वळू.

सर्वांत अधिक वेळ पुराव्यावर घालवा. प्रत्येक महिलेच्या बाबतीत घटना आणि कागद यांची तारीखवार नोंद करा: पतीचा मृत्यू किंवा घर सोडावे लागल्याची वेळ, अर्ज कोणाकडे दिला, पोच मिळाली का, हरकत कोणी घेतली, नोंद रद्द झाली असल्यास आदेशात कारण काय दिले. तोंडी नकार मिळाला असेल तर त्याच आठवड्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या, कारण तोंडी नकाराला अहवालात काही किंमत राहत नाही. याच्या जोडीला माहितीच्या अधिकाराखाली तहसील कार्यालयाकडून गाव नमुना ६क मधील मागील काही वर्षांच्या वारसनोंदी मागवा आणि त्यांत विधवेचे नाव किती ठिकाणी आले, किती ठिकाणी केवळ मुलांची नावे लागली, ते पाहा. सरकारच्याच नोंदवहीतून निघालेला निष्कर्ष सरकारी प्रतिनिधीला नाकारता येत नाही. नाव नसल्याचे पुढचे परिणामही त्यातच लिहा: पीककर्ज, पीकविमा, किसान सन्मान निधी. समितीचे सदस्य हे परिणाम लगेच ओळखतात, कारण चौदाव्या कलमात कर्जाचा उल्लेख जमिनीच्या शेजारीच आहे.

संमतीविषयी मी अत्यंत आग्रही आहे. समितीकडे पाठवलेले अहवाल सामान्यतः तिच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात. गोपनीयता हवी असल्यास तसे आधी कळवावे लागते. बाईचे नाव, गाव आणि दिराशी असलेला वाद जगासमोर गेला आणि ती त्याच घराच्या अंगणात राहत असेल, तर त्याचे परिणाम तिला एकटीला सोसावे लागतील. म्हणून नाव आणि गाव बदला, तालुका पुरेसा आहे, आणि अहवालात काय जाणार आहे ते तिला मराठीत वाचून दाखवा. तिने नकार दिला तर ते प्रकरण वगळा, मग ते कितीही बोलके असो.

हा पुरावा पोहोचवायचा कोठे? सीडॉच्या अठराव्या कलमानुसार प्रत्येक देशाने ठरावीक काळाने समितीला अहवाल द्यायचा असतो आणि २३ तज्ज्ञांची समिती त्यावर सरकारला प्रश्न विचारते. भारताचा चौथा आणि पाचवा एकत्रित अहवाल जुलै २०१४ मध्ये तपासला गेला. या प्रक्रियेत दोन वेळा संघटनांना संधी असते: एकदा समिती प्रश्नांची यादी तयार करते तेव्हा, आणि दुसऱ्यांदा प्रत्यक्ष तपासणीच्या वेळी. माझ्या अनुभवात पहिली संधी अधिक मोलाची असते आणि तीच बहुतेक संघटना हुकवतात. तुमचा मुद्दा प्रश्नांच्या यादीत आला की सरकारला त्यावर लेखी उत्तर द्यावेच लागते. नंतर आलेला मुद्दा गर्दीत हरवण्याची शक्यता अधिक. असा अहवाल देण्यासाठी संयुक्त राष्ट्रांचा सल्लागार दर्जा लागत नाही, परदेशी जावे लागत नाही. दुसरा मार्ग म्हणजे मानवी हक्क परिषदेतील देशांचा सार्वत्रिक नियतकालिक आढावा. साधारण साडेचार वर्षांनी प्रत्येक देशाची पाळी येते. भारताचा चौथा आढावा नोव्हेंबर २०२२ मध्ये झाला. तेथे एका संघटनेला २,८१५ शब्द आणि संयुक्त निवेदनाला ५,६३० शब्द मिळतात. त्या आढाव्यात इतर देश शिफारशी करतात आणि भारत त्यांपैकी काही स्वीकारतो. स्वीकारलेली शिफारस ही पुन्हा एक लेखी कबुली असते.

एकट्याने अहवाल पाठवण्यापेक्षा आघाडीच्या अहवालात दोन भक्कम परिच्छेद आणि एक तक्ता देणे अधिक परिणामकारक ठरते. मकामसारख्या मंचाशी किंवा देशपातळीवर समांतर अहवालांचा (सरकारी अहवालाच्या जोडीने संघटना पाठवतात त्यांचा) समन्वय करणाऱ्या गटांशी आधी बोला, त्यांना कोणत्या कलमाखाली पुरावा कमी पडतो ते विचारा आणि त्या जागी तुमचा पुरावा द्या. न्यूयॉर्कला दर मार्चमध्ये भरणाऱ्या महिलांच्या स्थितीविषयीच्या आयोगाला जाण्याची संधी मिळाली तर जरूर जा, परंतु तेथे गेल्यावर मसुद्यात शब्द घालता येईल अशी अपेक्षा ठेवू नका. मजकुराच्या वाटाघाटी अधिवेशनाच्या कितीतरी आधी सुरू होतात, आणि भारताची भूमिका दिल्लीत परराष्ट्र आणि महिला-बालविकास मंत्रालयांत ठरते. २०१२ मध्ये याच आयोगाचा मुख्य विषय ग्रामीण महिला हा होता आणि त्या वर्षी देशांमध्ये सहमतीच होऊ शकली नाही, हेही माहीत असू द्या.

'हे आपल्यासारख्यांचे काम नाही' असा सूर तुमच्या प्रश्नात मला जाणवला, त्याविषयी दोन शब्द. जागतिक मानवी हक्क जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' या अर्थाचा शब्द जाऊन 'सर्व मानव' आला तो भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांच्या आग्रहामुळे. आणि त्याच्याही आधी, २० जुलै १९४२ रोजी, आपल्या नागपुरात दलित महिलांची परिषद भरली होती. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, बाबासाहेबांनी तेथे भाषण केले आणि महिलांनी घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, कामगार स्त्रियांच्या रजा यांवर ठराव केले. त्या महिलांपैकी अनेकींना लिहिता येत नव्हते, तरी मागणी ठरावाच्या नेमक्या भाषेत कशी मांडायची हे त्यांना पुरते ठाऊक होते.

अहवाल गेल्यावर काम थांबत नाही. समितीची निरीक्षणे आली की तुमच्या विषयावरील परिच्छेदाचे सोप्या मराठीत भाषांतर करून ते तहसीलदार, जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त आणि राज्य महिला आयोग यांना निवेदनासह द्या. डिसेंबरचे हिवाळी अधिवेशन ही नागपूरकरांच्या हाताशी असलेली मोठी संधी आहे. अधिवेशनाच्या आधी पुरेसा वेळ राखून आमदारांना तारांकित प्रश्नाचा मसुदा द्या: जिल्ह्यात गेल्या तीन वर्षांत मृत खातेदारांच्या किती प्रकरणांत विधवेच्या नावाची नोंद झाली आणि किती प्रलंबित आहेत. मंत्र्याचे लेखी उत्तर सभागृहाच्या नोंदीत जाते आणि पुढच्या समांतर अहवालात तेच सर्वांत वजनदार पुरावा ठरते. अशा प्रकारे जिनिव्याचा कागद नागपुरात आणि नागपूरचा कागद जिनिव्यात वापरला जाऊ लागला की अधिकाऱ्यांच्या उत्तरांचा सूर बदलतो, हे मी पाहिले आहे.

पैशांविषयी तुम्ही विचारले नाही, तरी सांगते. परदेशातील संस्थेने प्रवास किंवा अभ्यासासाठी निधी देऊ केला, तर परकीय योगदान नियमन कायद्याखालील नोंदणीशिवाय तो तुमच्या संस्थेच्या खात्यात घेऊ नका. सनदी लेखापालांना विचारल्याशिवाय होकारही देऊ नका. लेखनाला मात्र निधी लागत नाही. अहवाल इंग्रजीत द्यावा लागतो, परंतु तुम्ही मूळ नोंदी मराठीतच ठेवा आणि भाषांतरासाठी विधी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांची मदत घ्या. त्यांच्या भाषांतरात 'फेरफार', 'सातबारा', 'वारसनोंद' हे शब्द तसेच ठेवून एकेका ओळीत त्यांचा अर्थ द्यायला सांगा. पहिल्या टप्प्यावर तालुक्यातील पंचवीस-तीस प्रकरणे वर सांगितलेल्या विभागणीने मांडता आली तरी पुरे. तो तक्ता तयार झाला की नावे काढून येथे टाका. कोणते प्रकरण कोणत्या कलमाखाली बसते ते मी पाहून लिहीन.